नव्या डिस्कनंतर अडलेला संगणक

चालता संगणक बंद करून त्यात साठवणुकीची नवी डिस्क बसवावी, पुन्हा कळ दाबावी, आणि नित्याच्या पडद्याऐवजी काळ्या पृष्ठभागावर इंग्रजी अक्षरांची एखादी रूक्ष ओळ उमटावी, किंवा निळा पडदा क्षणभर दिसून यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हावे आणि हे चक्र थांबूच नये, असा प्रसंग घरोघरच्या आणि लहान कार्यालयांतल्या संगणकांवर इतक्या वेळा ओढवतो की तो डिस्क बदलण्याच्या कामाचा एक नेहमीचा टप्पाच मानावा. अशा वेळी मालकाच्या मनात प्रथम येते ते हे, की नवी डिस्क खराब निघाली. आणि दुरुस्तीला बोलावलेला माणूस घाईत असला तर सांगतो, की विंडोज उडाली आहे, नवी टाकावी लागेल. माझ्या मते हे दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा घाईने काढलेले असतात. त्यांतला दुसरा तर धोक्याचा आहे, कारण विंडोज नव्याने टाकण्याच्या खटपटीत जिच्यावर वर्षानुवर्षांचे हिशेब, छायाचित्रे आणि पत्रव्यवहार आहेत ती जुनी डिस्कच पुसली जाण्याचा संभव असतो. संगणक नेमका कोणत्या टप्प्यावर अडला हे आधी मुक्रर करावे. ती जागा कळली की कारणांची यादी दोन-तीन शक्यतांपुरती आखूड होते, आणि त्यांतल्या बहुतेकांवरचा इलाज विनाखर्चाचा असतो.

संगणक सुरू होताना अंमल एका आज्ञावलीकडून दुसरीकडे क्रमाने सोपविला जातो. वीज मिळताच प्रोसेसर मदरबोर्डवरील एका लहान फ्लॅश चिपमध्ये ठेवलेल्या फर्मवेअरचे हुकूम वाचू लागतो; या फर्मवेअरला जुन्या यंत्रांत बायोस म्हणत आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांतील यंत्रांत तिची जागा यूईएफआयने घेतली आहे. फर्मवेअर स्मरणचिपा, पडदा आणि कळफलक यांची खातरजमा करते, जोडलेल्या डिस्कांची नोंद घेते, आणि ठरलेल्या क्रमाने कोणत्या डिस्कवरून पुढे जावयाचे ते पाहते. त्या डिस्कवरची बूट करणारी छोटी आज्ञावली मग विंडोज किंवा लिनक्स यांचे मूळ अंग, ज्याला कर्नेल म्हणतात, ते स्मृतीत आणते; कर्नेल डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर चढविते, आपला विभाग उघडते, आणि सरतेशेवटी नाव व पासवर्ड विचारणारा पडदा दिसतो. उत्पादकाच्या बोधचिन्हापाशी यंत्र थिजले असेल तर अंमल अजून फर्मवेअरपाशीच आहे. बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही असा मजकूर आला तर फर्मवेअरचे काम पूर्ण झाले पण पुढचा वारस मिळाला नाही. आणि निळा पडदा आला तर वारस मिळाला, कर्नेलही उठले, परंतु त्याला आपलाच विभाग उघडता आला नाही.

हा वारस डिस्कवर कोठे शोधावयाचा, याच्या दोन पद्धती आज एकाच वेळी प्रचारात आहेत, आणि निम्मा घोटाळा त्यांच्या सहवासातून उद्भवतो. जुनी पद्धत १९८३ साली पीसी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. तीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या तुकड्यात सारा कारभार असतो: ४४६ बाइट मुख्यतः बूटच्या आज्ञावलीसाठी, ६४ बाइट विभागांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. या तक्त्यात चारच मुख्य विभाग मावतात, आणि ३२ बिटांच्या आकड्यात पत्ते लिहिले जात असल्याने सुमारे २.२ टेराबाइटपलीकडची जागा त्याला मोजताच येत नाही. नवी पद्धत, जीपीटी, इंटेलच्या ईएफआय योजनेतून आली. तीत सामान्यतः १२८ विभागांची सोय असते, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी जपलेली असते, आणि बूटची आज्ञावली एका लहान स्वतंत्र विभागात साध्या फाइलीच्या रूपाने ठेवतात. हा तक्ता म्हणजे गावच्या दप्तरातील जमिनीची नोंद होय. नोंद गहाळ झाली किंवा चुकीच्या नावावर चढली तरी शेत आपल्या जागी तसेच पडून असते. म्हणून डिस्क सापडत नाही हा मजकूर वाचून आपली कागदपत्रे नष्ट झाली असे समजू नये.

तपासाचा आरंभ नवी डिस्क काढून करावा. यंत्र बंद करून विजेची तार भिंतीतून उपसावी, लॅपटॉप असल्यास बॅटरीही अलग करावी, हातातील स्थिर वीज निघून जावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, आणि नव्या डिस्कला गेलेली वीज व माहिती या दोहोंच्या तारा सोडवून संगणक पूर्वस्थितीत सुरू करून पाहावा. तो सुरळीत चालला तर जुनी डिस्क आणि तिच्यावरील विंडोज निर्दोष आहेत हे सिद्ध झाले. तरीही अडला तर मात्र डिस्क बसविताना दुसरेच काही हलले असावे: अरुंद पेटीत हात घालताना जुन्या डिस्कची तार अर्धवट निसटणे किंवा स्मरणचिपेची पट्टी खाचेतून किंचित उचलली जाणे या दोन गोष्टी सहज घडतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. दोन्ही दाबून बसवाव्यात. या टप्प्यावर एका वेळी एकच बदल करण्याचा नेम कसोशीने पाळावा. तार, क्रम आणि सेटिंग अशा तीन गोष्टी एकदम बदलून संगणक सुरू झाला, तर तो कशाने सुरू झाला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या खेपेस सारा खटाटोप मुळापासून करावा लागतो.

नवी डिस्क जोडताच यंत्र बोधचिन्हाच्या पुढे सरकत नसेल, किंवा फर्मवेअरच्या यादीत ती दिसतच नसेल, तर प्रथम विजेचा विचार करावा. साडेतीन इंची फिरती हार्ड डिस्क एकदा फिरू लागली की फार वीज खात नाही, परंतु तिच्या चकत्यांना गती देताना आरंभीचे काही सेकंद ती १२ व्होल्टच्या तारेतून दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. जुनाट किंवा हलक्या प्रतीच्या पॉवर सप्लायवर अशा दोन-तीन डिस्का एकदम उठू लागल्या की व्होल्टेज कोसळते आणि यंत्र त्याच क्षणी बंद पडते. पॉवर सप्लायच्या सुट्या तारांविषयी तर मी अत्यंत कळकळीने सांगेन, की एका सप्लायसोबत आलेली तार दुसऱ्या सप्लायला कदापि लावू नये. सप्लायच्या बाजूचे टोक सारखे दिसले आणि घट्ट बसले तरी आतील जोडणी निराळी असू शकते, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जाऊन नव्या डिस्कबरोबर त्याच तारेवरची जुनीही कायमची जळू शकते. या लेखात वर्णन केलेल्या सर्व प्रसंगांत माहिती खरोखर हातची जाण्याचा संभव येथे सर्वांत अधिक आहे.

बाहेरून जोडावयाच्या मोठ्या डिस्का स्वस्त मिळतात म्हणून त्यांचे कवच फोडून आतली डिस्क संगणकात बसविण्याची रीत बरीच रूढ आहे. अशा काही डिस्का फिरतच नाहीत, आणि विकत घेणारा त्या मृत समजून परत करतो. याचे कारण २०१६ साली डिस्क जोडण्याच्या साटा या मानकात झालेल्या सुधारणेत आहे: विजेच्या जोडातील तिसऱ्या पिनेचा उपयोग डिस्क दुरून बंद ठेवण्याच्या इशाऱ्यासाठी करण्याची मुभा तीत दिली गेली, आणि जुने सप्लाय त्या पिनेवर ३.३ व्होल्टचा दाब सतत देत असल्यामुळे डिस्क बिचारी बंद राहण्याचा हुकूम इमानाने पाळीत बसते. जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या जोडातून वीज घेतली की हा दाब जातो आणि डिस्क फिरू लागते. मात्र ओतीव प्लास्टिकचे अगदी स्वस्त रूपांतरक तापून जळाल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा ज्यात तारा स्वतंत्र दाबून बसविलेल्या दिसतात असाच निवडावा.

एम डॉट टू नावाच्या चपट्या पट्टीच्या डिस्कांचे प्रकरण वेगळे आहे. दिसायला सारख्या असलेल्या या पट्ट्यांत काही साटा पद्धतीने बोलतात आणि काही, ज्यांची मानकसंहिता २०११ साली प्रसिद्ध झाली, त्या एनव्हीएमई पद्धतीने; आणि मदरबोर्डवरील प्रत्येक खाच दोन्ही भाषा जाणतेच असे नाही. याहून अधिक बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी, की पुष्कळ मदरबोर्डांवर एम डॉट टूची एखादी खाच आणि साटाची एक-दोन द्वारे यांना एकच वाहिनी वाटून दिलेली असते, त्यामुळे खाचेत नवी पट्टी बसताच ती द्वारे मुकाट्याने बंद होतात. जुनी डिस्क नेमकी त्यांपैकी एका द्वारावर असेल, तर नवी व्यवस्थित दिसते, जुनी अदृश्य होते आणि संगणक बूट होत नाही. मालकाला वाटते नवीने जुनी बिघडविली. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हा तपशील बारीक अक्षरांच्या तक्त्यात दिलेला असतो, आणि जुनी तार दुसऱ्या द्वाराला लावणे एवढाच त्याला उपाय पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून सुटे भाग घेऊन जुळविलेल्या संगणकांच्या पुस्तिका बहुधा खोक्याबरोबर टाकून दिलेल्या असतात. उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या नावाने मिळतात, आणि डिस्क विकत घेण्यापूर्वीच त्या वाचलेल्या बऱ्या.

डिस्का सर्व दिसत आहेत, पण बूट करण्याजोगी सापडत नाही असा मजकूर येतो, या स्थितीत प्रथम फर्मवेअरमधील बूटचा क्रम पाहावा. नवी डिस्क जोडली जाताच तिला आपण होऊन यादीत पहिले स्थान देणारी फर्मवेअरे आहेत, आणि रिकाम्या डिस्कपाशी यंत्र थबकते. जुनी पुन्हा वर आणली की प्रश्न मिटतो. आणलेली डिस्क दुसऱ्याची वापरलेली असेल तर तिच्यावरची जुनीच विंडोज उठावयाचा प्रयत्न करते आणि परक्या यंत्रात कोसळते. तेथेही क्रम हाच इलाज. क्रम योग्य असूनही अडत असेल तर फर्मवेअर जुन्या बायोस पद्धतीने चालले आहे की यूईएफआय पद्धतीने, हे पाहावे, कारण एका पद्धतीने बसविलेली विंडोज सामान्यतः दुसरीने उठत नाही, आणि मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी क्षीण झाली असली तर वीज तोडताच ही सेटिंगे मूळपदावर गेलेली असू शकतात.

या टप्प्यावरचे एक कारण मात्र असे आहे की ते न कळल्यामुळे आजवर किती संगणकांची विंडोज निष्कारण पुसली गेली असेल याची कल्पना करवत नाही. संगणकात दोन डिस्का असताना विंडोज बसविली, तर विंडोजचा संसार एका डिस्कवर मांडला जातो, पण बूटची आज्ञावली ठेवणारा तो लहान, सुमारे १०० मेगाबाइटांचा विभाग दुसऱ्या डिस्कवर आधीपासून असला तर विंडोज तोच वापरते. मालकाला याचा पत्ताही नसतो. पुढे वर्षा-दोन वर्षांनी ती दुसरी, जुनी, मंद डिस्क काढून तिच्या जागी नवी बसविली जाते, आणि ज्या डिस्कवर विंडोज आहे तिला हातही लागलेला नसताना संगणक मुका होतो. काढलेली डिस्क परत लावली की तो पूर्ववत् चालतो, हीच याची खूण. कायमचा उपाय म्हणून विंडोजच्या बसवणीचा पेनड्राइव्ह लावून दुरुस्तीच्या भागातील कमांड प्रॉम्प्ट उघडावा, डिस्कपार्ट या साधनाने मुख्य डिस्कवर तो लहान विभाग आहे की नाही ते पाहावे, नसल्यास थोडी मोकळी जागा काढून फॅट ३२ पद्धतीने तयार करावा, आणि बीसीडीबूट ही आज्ञा देऊन बूटच्या फाइली त्यात उतरवून घ्याव्यात. दुरुस्तीच्या त्या वातावरणात विभागांची अक्षरे नेहमीची नसतात. एरवी जो सी म्हणून दिसतो तो तेथे डी किंवा ई असू शकतो, म्हणून आज्ञा देण्यापूर्वी विभागात विंडोजचे फोल्डर खरोखर आहे याची रुजुवात करावी.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नवीवर काढून घेणारांनी आणखी एक दक्षता बाळगावी. प्रत हुबेहूब असल्यामुळे डिस्कची ओळखखूणही तीच उतरते, आणि दोन्ही एकाच वेळी जोडून संगणक सुरू केला तर कोणती खरी हे ठरविणे यंत्राला अवघड जाते. विंडोज एकीला बाजूस ठेवते किंवा, अधिक वाईट म्हणजे, नवीवरून उठल्यासारखी दिसून काम जुनीवरच करीत राहते. प्रत पूर्ण झाल्यावर पहिल्या खेपेस जुनी काढून ठेवून केवळ नवीवरून संगणक सुरू करावा.

आता निळ्या पडद्याकडे वळू. त्यावर इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस अशी अक्षरे किंवा सात-बी हा अखेरचा आकडा असला, तर कर्नेल उठले पण ज्या डिस्कवरून उठले ती वाचण्याचा ड्रायव्हर त्याच्याजवळ तयार नव्हता असे समजावे. नवी डिस्क बसविण्याच्या ओघात कोणी फर्मवेअरमध्ये जाऊन साटाची पद्धत आयडीई, एएचसीआय आणि रेड यांपैकी एकीवरून दुसरीवर नेली, किंवा मूळ सेटिंगे परत आणताना ती आपोआप बदलली, तर हा परिणाम हमखास दिसतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचे सेटिंग हाच खेळ करते. पूर्वीचे सेटिंग परत केले की विंडोज उठते. ते बदलणे खरोखर आवश्यक असेल तर आधी जुन्या सेटिंगवर विंडोज सुरू करून तिला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठण्यास सांगावे, मग फर्मवेअरमधील बदल करावा, आणि सेफ मोडमध्ये एकदा उठली की ती सूचना काढून टाकावी. सेफ मोडमध्ये विंडोज मूलभूत ड्रायव्हर मोकळ्या हाताने चढविते आणि त्या निमित्ताने नव्या पद्धतीचा ड्रायव्हर कायमचा हजर होतो. साटा डिस्कची प्रत एनव्हीएमई पट्टीवर काढल्यानंतर येणारा निळा पडदाही पुष्कळदा याच मार्गाने दूर होतो. विंडोज ७ मध्ये मात्र एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नव्हताच, तो मागाहून स्वतंत्र पुरवणीने आला. त्यामुळे जुन्या कार्यालयांतून अजून चालणाऱ्या त्या विंडोजला अशा पट्टीवर न्यावयाचे तर पुरवणी आधी बसविलेली हवी. सलग दोन वेळा सुरुवात फसली की नवी विंडोज आपण होऊन दुरुस्तीचे वातावरण उघडते. तेथील स्वयंचलित दुरुस्ती करून पाहण्यास हरकत नाही, परंतु सर्व काही पुसून मूळ स्थितीत नेण्याचा पर्याय तेथेच शेजारी असतो, तो वाचल्याशिवाय दाबू नये.

लिनक्सवर दुखणे थोडे निराळे असते. तेथे डिस्कांना मिळणारी नावे सापडण्याच्या क्रमावर अवलंबून असल्याने नवी आली की जुनीचे नाव बदलू शकते, आणि एफएसटॅब या फाइलीत अशा नावाने विभाग नोंदविलेला असेल तर यंत्र सुमारे दीड मिनिट वाट पाहून आणीबाणीच्या पडद्यावर येते. नावाऐवजी विभागाचा कायम ओळखक्रमांक लिहावा, आणि दुय्यम डिस्कपुढे नोफेल ही सूट जोडावी.

कधी संगणक पूर्ण सुरू होतो आणि मग मिनिटा-दोन मिनिटांत गोठतो. तेव्हा डिस्कच्या प्रकृतीचा स्मार्ट नावाचा अहवाल वाचावा. त्यातील १९९ क्रमांकाचा रकाना माहितीच्या वहनातील चुका मोजतो. हा आकडा वाढता असला तर दोष बहुधा तारेचा असतो, आणि थोड्या रुपयांची साटा तार बदलून काम भागते. हा आकडा कधी उतरत नाही, म्हणून तार बदलण्यापूर्वी तो टिपून ठेवावा आणि नंतर वाढतो का एवढेच पाहावे. ५ आणि १९७ हे रकाने नव्या डिस्कवर शून्याहून वर जाऊ लागले तर मात्र डिस्क खरोखरच सदोष आहे, आणि ती हमीच्या मुदतीत परत करावी.

हे सारे करण्यापूर्वी, किंबहुना पेटीचा स्क्रू सैल करण्यापूर्वी, दोन गोष्टींची तजवीज हवी. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत अन्य ठिकाणी असावी. आणि डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल, जे आजच्या अनेक लॅपटॉपांवर मालकाच्या नकळत लागलेले असते, तर त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर उतरवून घेतलेली असावी, कारण बूटचा क्रम किंवा फर्मवेअरची सेटिंगे बदलताच विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर निर्दोष डिस्कवरील निर्दोष माहितीही उघडता येत नाही. मायक्रोसॉफ्टचे खाते वापरणाऱ्यांची किल्ली बहुधा त्या खात्यात जमा असते. ती दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून पाहता येते. संगणक एकदा नव्या डिस्कसह उभा राहिला, की विंडोज डिस्क इनिशियलाइज करण्याविषयी विचारते; रिकाम्या नव्या डिस्कच्या बाबतीत बेलाशक होकार द्यावा, पण हाच प्रश्न जुन्या, भरलेल्या डिस्कबद्दल आला तर तिचा तक्ता वाचता आलेला नाही एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि होकार दिल्यास त्या जागी कोरा तक्ता लिहिला जाईल. तेथे नकार देऊन ती डिस्क काढून ठेवावी, आणि तार, द्वार व सप्लाय यांचा तपास पूर्ण होईपर्यंत तिच्यावर काहीही लिहू देऊ नये.